बोर्ड उतरला नाही म्हणून वाढलेली घरपट्टी : एका घराचं प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका महापालिकेच्या शहरातलं आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि जालना या पाचांपैकी ते कोणतं, हे सांगत नाही. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावांच्या जागी नाती ठेवली आहेत आणि आकडे थोडे बदलले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण राखलं आहे. मी वकिली करते. माझं काम बहुतेक भाडेकरार, वारस, वाटण्या असंच असतं. घरपट्टी कुणी भरायची, हा प्रश्न त्यात आठवड्याला एकदा तरी येतो, आणि तो येतो तेव्हा बहुधा भांडण होऊन गेलेलं असतं.

पार्श्वभूमी

घर वडिलांचं. सरकारी नोकरीतून निवृत्त होण्याच्या बरंच आधी, १९९१ साली, त्यांनी ते स्वतःच्या कमाईतून बांधलं. खाली तीन खोल्या, वर दोन. किल्लारीच्या भूकंपाच्या रात्री जिन्याच्या भिंतीला गेलेली चीर अजून तशीच आहे. तिच्यावर तीनदा सिमेंट मारलं, तरी पावसाळ्यात ती पुन्हा दिसते.

वडील २०१३ साली वारले. मागे आई, थोरला मुलगा (सगळे त्यांना अण्णा म्हणतात), उदगीरला दिलेली मुलगी (ताई) आणि पुण्यात नोकरीला असलेला धाकटा. अण्णा त्याच शहरात पण दुसऱ्या भागात राहतात. आई वरच्या खोल्यांत राहायची. महापालिकेच्या दप्तरी नाव वडिलांचंच राहिलं. ते बदलायचा विषय एकदा, वर्षश्राद्धाच्या दिवशी निघाला होता. धाकटा म्हणाला, ‘एवढी काय घाई आहे अण्णा?’ अण्णांना ते लागलं. आपण घर बळकावतोय असं भावाला वाटतंय, या विचारानं त्यांनी तो विषय सोडला तो सोडलाच. आपल्याकडे ‘नाव लावणं’ या दोन शब्दांत एवढी भीती भरलेली असते, की साधा अर्जसुद्धा वाटणीची सुरुवात वाटतो.

जून २०१७ मध्ये खालचा मजला एका क्लासवाल्या सरांना भाड्यानं दिला. अकरावी-बारावीच्या शिकवण्या. भाडं महिना १२ हजार, डिपॉझिट ५० हजार. करारनामा शंभराच्या बॉण्डवर, अकरा महिन्यांचा, नोटरी केलेला. रजिस्ट्री केली नाही. त्यात एक वाक्य होतं : ‘सदर जागेची घरपट्टी, नळपट्टी व लाईट बिल भाडेकरूने भरावे.’ अकरा महिने संपल्यावर नवा कागद झाला नाही, तोंडी बोलण्यावर पुढची दोन वर्षं गेली. पुढच्या खिडकीच्या जागी शटर बसलं, भिंतीवर क्लासचा मोठा बोर्ड चढला.

सरांनी लाईट बिल दर महिन्याला भरलं, कारण न भरलं तर तोडायला माणूस येतो. घरपट्टीचं बिल वर्षातून एकदा यायचं, तेही वडिलांच्या नावानं. शटरच्या फटीतून आत सरकवलेलं ते बिल क्लासचा पोरगा उचलून टेबलाच्या खणात टाकायचा. सरांना वाटायचं, मालकाचं पत्र आहे, मालक नेईल. अण्णांना वाटायचं, करारात लिहिलंय, सर भरत असतील. २०१६-१७ पर्यंतची पावती अण्णांकडे आहे. त्यानंतरची एकही नाही.

मार्च २०२० मध्ये क्लास बंद पडले, जूनमध्ये सरांनी जागा सोडली. तो काळ सगळ्यांनाच अवघड होता. अण्णांनी माणुसकीनं पूर्ण डिपॉझिट परत केलं आणि सरांच्या विनंतीवरून एका कागदावर लिहून दिलं : ‘भाडेकरूकडे कोणतेही येणे बाकी नाही.’ खाली सही. या कागदाकडे पुढे परत यावं लागेल.

सर गेल्यावर आईचं अंथरूण खाली आलं. गुडघ्यांमुळे जिना तिला झेपत नव्हता. अण्णांनी जुलै २०२० मध्ये वीजमीटर व्यापारीवरून घरगुती करून घेतलं, कारण बिल जास्त येत होतं. बोर्ड मात्र भिंतीवरच राहिला. उतरवायला शिडी लागायची, माणूस लागायचा, ते राहून गेलं.

समस्या

मार्च २०२३ मध्ये वसुलीचं पथक आलं. दारावर नोटीस लागली : मूळ कर ७४,६४० रुपये, शास्ती (म्हणजे उशिराचा दंड) ४७,४०४, एकूण १ लाख २२ हजारांच्या वर. मुदतीत न भरल्यास जप्ती. नाव वडिलांचं.

आई घरात एकटी होती. तिला वाचता येतं, पण तिनं फक्त नाव वाचलं. नंतर मला म्हणाली, ‘माय, ते जाऊन धा वर्सं झाले. मेल्या माणसावर जप्ती कशी येती?’ त्या दिवसापासून ती जेवेना, म्हणून अण्णा माझ्याकडे आले. प्लास्टिकच्या पिशवीत नोटीस, बॉण्ड आणि एक जुनी पावती घेऊन ते बसले आणि पहिलं वाक्य बोलले, ‘मॅडम, हे सगळं त्या सरांनी भरायला पाहिजे. करारात लिहिलंय.’

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. ‘भाडं तीन वर्षं अण्णानं घेतलं, चार लाखांच्या वर. आता घरपट्टी आम्ही तिघांनी भरायची का?’ धाकट्याचं वेगळंच. त्याच्याकडे घराला एक गिऱ्हाईक होतं. घर विकलं तर घेणारा बघून घेईल, असं त्याचं म्हणणं. पण घेणाऱ्यानं बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला, मागितली होती. बेबाकीशिवाय तो इसारही द्यायला तयार नव्हता.

म्हणजे बिल एक, आणि ते भरण्याची जबाबदारी दुसऱ्याची आहे असं सांगणारी माणसं चार.

कायदा कुणाकडे बघतो

महापालिका हद्दीत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो, जो मूळचा १९४९ चा आहे. त्याच्या कलम १३९ मध्ये हा प्रश्न सरळ सोडवलेला आहे. जागा भाड्यानं दिली असेल तर कर प्राथमिकतः भाड्यानं देणाऱ्याकडून घ्यायचा. पोटभाड्यानं दिली असेल तर वरच्या मालकाकडून. भाड्यानं दिलीच नसेल तर ती भाड्यानं देण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून. उलट, कुणी मोकळी जमीन वर्षापेक्षा जास्त मुदतीनं घेऊन तिच्यावर स्वतः बांधकाम केलं असेल, तर कर त्या बांधणाऱ्याकडून. महापालिकेसाठी एवढंच पुरेसं आहे. भाडेकरारातलं ‘भाडेकरूने भरावे’ हे वाक्य मालक आणि भाडेकरू यांच्यातलं आहे, महापालिका त्यात पक्षकार नाही.

कलम १४० भाडेकरूलाही थोडा हात लावतं. मालकानं भरलं नाही तर महापालिका जागेत राहणाऱ्याकडून वसूल करू शकते, आणि त्यानं भरलेली रक्कम त्याला मालकाकडून परत मिळवता येते. पण एक वर्षापेक्षा जुनी थकबाकी त्याच्याकडून घेता येत नाही, आणि तो जागेत नव्हता त्या काळाचीही घेता येत नाही. सर २०२० मध्येच गेलेले. २०२३ मध्ये महापालिकेनं त्यांच्याकडे बघण्याचा प्रश्नच नव्हता.

कलम १४१ सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोकांना तेच माहीत नसतं. शासनाच्या जमीन महसुलाच्या येण्यानंतर घरपट्टी हा त्या मिळकतीवरचा पहिला बोजा असतो. घर विकलं तरी बोजा घराबरोबर जातो. धाकट्याचं ‘घेणारा बघून घेईल’ याचा व्यवहारात अर्थ इतकाच, की घेणारा ती रक्कम किमतीतून कापणार, वर भीतीपोटी आणखी थोडी कापणार.

राहिला नावाचा मुद्दा. कर भरायला जबाबदार माणूस वारला तर ज्यांच्याकडे हक्क आला त्यांनी एक वर्षाच्या आत महापालिकेला लेखी कळवायचं असतं. विक्री किंवा अन्य हस्तांतर असेल तर तीन महिन्यांत, देणारा आणि घेणारा दोघांनीही. इथे दहा वर्षं कुणीच कळवलं नव्हतं.

भाडेकराराकडेही बघावं लागलं. मराठवाड्यात पूर्वी घरभाड्यासाठी १९५४ चा हैदराबादचा कायदा होता. ३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम आला. त्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर करारातल्या अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरायचं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. नोंदणी न करणाऱ्या मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. अण्णांचा ‘करारात लिहिलंय’ हा आधार तिथेच निम्मा गळला. उरलेला निम्मा त्यांनी २०२० मध्ये सही करून दिलेल्या कागदानं गेला.

पेन्सिलीचा हिशेब

मी तिघा भावंडांना बोलावलं, धाकटा फोनवर. भांडण सुरू होण्याआधी मी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं सहा वर्षांचा कर वेगळा केला. माझ्या मते हाच या प्रकरणातला वळणाचा क्षण होता, म्हणून तो आकड्यांसह देते.

२०१७-१८ चा कर ३,६४० रुपये होता, सगळं घर निवासी धरून. त्यात खालचा मजला २,०४० आणि वरचा १,६००. २०१८-१९ मध्ये पाहणी झाली, शटर आणि बोर्ड दिसले, खालचा मजला अनिवासी झाला आणि त्याचा कर १२,६०० वर गेला. वरचा तसाच. म्हणजे वर्षाला १४,२००. २०२२-२३ पर्यंत, अशी पाच वर्षं, हाच आकडा चालू राहिला.

मग तीन ढीग झाले. पहिला : सर जागेत होते त्या काळाचा खालच्या मजल्याचा कर, ३०,०५० रुपये. दुसरा : सर गेल्यानंतरही खालचा मजला अनिवासीच राहिल्यामुळे जुलै २०२० ते मार्च २०२३ या काळात जास्तीचा लागलेला कर, २९,०४०. तिसरा : कुणी भाडेकरू नसता तरी या घराला लागलाच असता असा निवासी कर, १५,५५०. बेरीज ७४,६४०.

अण्णा बराच वेळ दुसऱ्या ढिगावर बोट ठेवून बसले. ‘म्हणजे आई त्या खोलीत झोपत होती आणि आपण तिथं क्लास चालतो म्हणून पैसे मोजत होतो?’ ताई हळूच म्हणाल्या, ‘बोर्ड उतरवला असता तर...’ पुढे कुणी बोललं नाही. आत आल्यापासून पहिल्यांदाच भावंडं एकमेकांकडे न बघता एका कागदाकडे बघत होती.

शास्तीचंही गणित तसंच दाखवलं. थकीत करावर दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस. सहामाही हप्ता वेळेत गेला नाही की ती लागायला सुरुवात होते आणि थांबत नाही. २०१८-१९ च्या कराइतकीच शास्ती २०२३ पर्यंत त्याच्यावर चढली होती. बँकेतून कर्ज काढून घरपट्टी भरली असती तरी स्वस्त पडलं असतं, हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना ते खरं वाटेना. त्यांनी स्वतः मोबाईलवर गुणाकार करून पाहिला.

समोरचे पर्याय

सरांवर दावा. करारावर आधारित पैशांच्या दाव्याला मुदत तीन वर्षं. मार्च २०२३ मध्ये सुरुवातीच्या वर्षांच्या रकमेवर मुदतीचा आक्षेप येऊ शकत होता. करार नोंदणीकृत नाही, शिवाय ‘येणे बाकी नाही’ असा कागद सरांकडे. तीस हजारांसाठी तीन-चार वर्षं कोर्टात जाणार. मी हा पर्याय नको म्हटलं. अण्णांना तो सोडवत नव्हता, कारण त्यांच्या मनात तो पैशांचा विषय राहिला नव्हता.

शास्तीमाफीची वाट बघणं. महापालिका अधूनमधून सवलत देतात, आणि राष्ट्रीय लोकअदालतीत घरपट्टीची दाखलपूर्व, म्हणजे अजून कोर्टात न गेलेली, प्रकरणं ठेवली जातात. पण सवलत कधी येईल, किती येईल, याची हमी नसते, आणि तोवर दोन टक्के चालू. शिवाय दारावर नोटीस होती. आईला त्या घरात रोज त्या कागदाखालून ये-जा करायला लावणं मला मान्य नव्हतं.

घर थकबाकीसह विकणं. धाकट्याचा आग्रह. पण सह्या चौघांच्या लागणार. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं घर, मृत्युपत्र नाही, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, दोन मुलगे आणि मुलगी या चौघांचा समान चौथा हिस्सा. इथे धाकटा बोलून गेला, ‘ताईनं हक्कसोड दिलंय ना?’ ताईंनी दिलं नव्हतं. लग्नानंतर एकदा कुणीतरी ‘मला काही नको’ असं त्यांच्या तोंडून वदवून घेतलं होतं, एवढंच. स्थावर मिळकतीतला हिस्सा असा तोंडी सुटत नाही, नोंदणीकृत दस्त लागतो. फोनवर पाचेक सेकंद शांतता झाली. मग धाकट्यानंच विषय बदलला.

भरणं आणि दुरुस्त करून घेणं. म्हणजे रक्कम भरायची, चौघांची नावं लावायची, खालचा मजला निवासी करून घ्यायचा, आणि कुणी किती द्यायचे हे घरात बसून ठरवायचं. शेवटी हाच मार्ग धरला.

एक गोष्ट मी सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितली. घरपट्टीच्या दप्तरी नाव लागणं म्हणजे मालकी नव्हे. ती नोंद कर वसुलीसाठी असते, न्यायालयांनी हे वारंवार सांगितलं आहे. नाव लागल्यानं कुणाचं घर होत नाही आणि नाव नसल्यानं कुणाचा हिस्सा जात नाही. अण्णांच्या खांद्यावरचं दहा वर्षांचं ओझं या वाक्यानं उतरलं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

केलेली कृती

आधी सरांना भेटलो. अण्णा जायला तयार नव्हते, मी बरोबर गेले. सर आता दुसऱ्याच्या क्लासमध्ये शिकवतात. चहाच्या टपरीवर त्यांनी तो पेन्सिलीचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘अण्णा, एकदा बिल दाखवलं असतं तर तेव्हाच भरलं असतं. माझ्या खणात होतं हे मला आत्ता कळतंय.’ अण्णा म्हणाले, ‘आणि मी विचारलं असतं तर मला तेव्हाच कळलं असतं.’ सरांनी दोन हप्त्यांत मिळून चौदा हजार दिले. कायद्यानं त्यांना कुणी भाग पाडू शकलं नसतं. माझ्या वकिलीत असं फार वेळा घडलेलं नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते.

मग अर्ज दोन केले आणि दोन्हींची पोच घेतली. पहिला वारसनोंदीचा : मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, चौघांच्या सह्या. दुसरा वापर बदलाचा : खालचा मजला जुलै २०२० पासून निवासी आहे, सोबत वीजबिलाची प्रत, ज्यावर मीटरचा प्रकार बदलल्याचा महिना छापलेला होता. अर्ज देण्याच्या आदल्या दिवशी अण्णांनी बोर्ड उतरवला. त्याच्यामागे भिंतीचा मूळ पोपटी रंग चौकोनात तसाच राहिला होता. आई खुर्ची टाकून तो बघत बसली. वडिलांनी निवडलेला रंग होता.

पाहणीला माणूस आला, आईचं अंथरूण, औषधांचा डबा, देवघर बघून गेला. खालचा मजला निवासी झाला, पण २०२३-२४ पासून. मागच्या काळाचा २९ हजारांचा जास्तीचा कर तसाच राहिला. अधिकाऱ्यांचं म्हणणं, तुम्ही कळवलं तेव्हापासून बदल. आमचं म्हणणं, वीजबिल आधीपासूनचा पुरावा आहे.

या टप्प्यावर माझ्याकडून चूक झाली. करआकारणीविरुद्ध कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील करता येतं, पण मुदत पंधरा दिवसांची आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. मी त्या पंधरा दिवसांत भावंडांमधला वाटा ठरवण्याच्या मागे होते, ताई उदगीरहून येण्याची वाट बघत होते. मुदत निघून गेली. अपील टिकलं असतंच असं मी म्हणत नाही. पण ते करायला हवं होतं, आणि तारीख लक्षात ठेवणं माझं काम होतं.

शास्तीच्या बाबतीत नशीब बरं होतं. लोकअदालतीत प्रकरण घेतलं आणि त्या वेळच्या सवलतीत पंचाहत्तर टक्के शास्ती कमी झाली. ४७,४०४ पैकी ११,८५१ भरावे लागले. मूळ कर धरून एकूण ८६,४९१.

कुणी किती दिलं

सरांचे चौदा हजार वजा जाता ७२,४९१ उरले. यावर दोन बैठका झाल्या.

ताईंचा मुद्दा माझ्या मते योग्य होता. महापालिकेसमोर चौघेही वारस म्हणून सारखे, पण घरातल्या घरात ज्यानं भाडं घेतलं त्यानं त्या काळाचा कर सोसायला हवा. अण्णांचा मुद्दाही खोटा नव्हता. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन त्याच भाड्यातून झालं, दवाखान्याची बिलं त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. धाकट्यानं ती बिलं पहिल्यांदाच पाहिली. तो म्हणाला, ‘अण्णा, मला सांगायचं होतं की रे.’ अण्णा म्हणाले, ‘तू विचारलं नाहीस.’ इथे मी मध्ये पडले नाही.

शेवटी अण्णांनी निम्मे, म्हणजे ३६ हजारांच्या आसपास, आणि ताई व धाकटा यांनी प्रत्येकी १८ हजारांच्या आसपास, असं ठरलं. आईकडून काही नाही. ताईंच्या यजमानांना हे पटलं नव्हतं. घरात राहत नाही, मग पैसे कशाला, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. मला त्या एवढंच म्हणाल्या, ‘मॅडम, त्या कागदावर माझं नाव येणार असेल तर मी देते. बापूंच्या घराच्या कुठल्याच कागदावर मी कधी नव्हते.’ मी त्यांना पुन्हा सांगितलं की त्या नावानं मालकी येत नाही, मालकी आधीच आहे. त्यांनी मान हलवली. त्यांना दोन्ही कळत होतं.

निष्पत्ती

एप्रिल २०२४ चं बिल चौघांच्या नावानं आलं, निवासी दरानं, पुन्हा साडेतीन हजारांच्या घरात. अण्णांनी ते जूनमध्ये भरलं आणि पावतीचा फोटो भावंडांच्या ग्रुपवर टाकला. आईनं मूळ पावती पत्र्याच्या डब्यात, वडिलांच्या पेन्शनच्या पुस्तकावर ठेवली.

घर विकलं नाही. गिऱ्हाईक तोवर दुसरीकडे गेलं होतं, आणि धाकट्यानंही पुन्हा विषय काढला नाही. वरच्या खोल्या आता एका परिचारिकेला दिल्या आहेत. करार नोंदणीकृत आहे. त्यात घरपट्टी मालक भरतील आणि भाडं त्याप्रमाणे धरलं आहे असं लिहिलं. पाणी आणि वीज तिच्याकडे. अण्णांनी स्वतःहून सुचवलं की घरपट्टी भाडेकरूवर टाकायचीच नाही.

काय वेगळं करता आलं असतं

२०१३-१४ मध्ये वारसनोंद झाली असती तर बिल अण्णांच्या किंवा आईच्या नावानं आलं असतं, आणि जिवंत माणसाच्या नावाचं बिल खणात पडून राहत नाही. धाकट्याच्या ‘घाई काय’ या वाक्यावर तेव्हाच कुणी मोठ्यानं सांगितलं असतं की चौघांचीही नावं लावूया, तर भीतीचं कारणच उरलं नसतं.

२०१७ मध्ये घरपट्टी भाडेकरूवर टाकायचीच होती, तर करारात पुढचं वाक्यही हवं होतं : पावतीची प्रत मालकाला दाखवायची, न दाखवल्यास डिपॉझिटमधून कापायची. अट लिहिली आणि तपासायचा दिवस ठरवला नाही, तर ती कागदावरच राहते. क्लास सुरू झाल्यावर कर किती वाढेल, हेही भाडं ठरवतानाच करविभागात विचारायला हवं होतं. १२ हजार भाडं ठरवताना निवासी घरपट्टीच डोळ्यांसमोर होती.

जून २०२० चा तो कागद हा माझ्या मते अण्णांना सगळ्यात महागात पडलेला निर्णय. अण्णांची भावना चांगली होती आणि मी तिचा आदर करते. पण डिपॉझिट देण्याआधी महापालिकेतून चालू थकबाकी काढून आणायला अर्धा तास लागला असता. तेव्हा सर अजून जागेत होते, महापालिकेच्या दृष्टीनंही राहणारे होते, आणि डिपॉझिट हातात होतं.

आणि जुलै २०२० मध्ये, वीजमीटर बदलायचा अर्ज दिला त्याच दिवशी, दुसरा अर्ज करविभागात दिला असता तर दुसरा ढीग झालाच नसता. वीजवाल्यांना कळवलं म्हणजे महापालिकेला कळत नाही, दोन्ही दप्तरं वेगळी आहेत. लोकांची इथे नेहमी गफलत होते.

माझ्या बाजूनं : पंधरा दिवसांची मुदत. आता घरपट्टीचं कोणतंही प्रकरण हातात घेतलं की आदेशाची पोच मिळालेल्या दिवशीच फाईलच्या वर लाल पेनानं शेवटची तारीख लिहिते.

गेल्या महिन्यात अण्णा पुन्हा आले. या वेळी पिशवीत गावाकडच्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा, होता. त्यावर नाव त्यांच्या आजोबांचं आहे. चुलते पाच, त्यातले तीन वारलेले, घरात सध्या एक चुलत भाऊ राहतो. ग्रामपंचायतीची घरपट्टी मालकाकडून किंवा राहणाऱ्याकडून घेतात, त्यामुळे तो भाऊ ती बरीच वर्षं मुकाट्यानं भरत आला आहे. त्याच्याकडे सगळ्या पावत्या जपून ठेवलेल्या आहेत, असं अण्णा म्हणाले. मी त्यांना त्या पावत्यांच्या प्रती आणि वारसांची यादी घेऊन यायला सांगितलं आहे, आणि भावालाही बरोबर आणायला.